एकबारी रायफल : पारख, नळी आणि परवाना

खंडेनवमीच्या दिवशी धार आणि देवास येथील जुन्या मराठी घरांतून देवघरासमोर पाट मांडला जातो. त्यावर तलवार, कट्यार, क्वचित एखादा दांडपट्टा आणि त्यांच्या शेजारी वाडवडिलांची बंदूक ठेवली जाते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि दसरा सरला की ती पुन्हा कपाटात जाते. वर्षातील एक दिवस पूज्य आणि उरलेले दिवस अडगळ, अशी तिची अवस्था असते. घरातील कर्त्या पुरुषाचे वय झाले, किंवा तो गेला, की मात्र ही मुकी वस्तू एकाएकी प्रश्न विचारू लागते. ती कोणाच्या नावावर करावी? ती अजून चालते काय? तिचे काडतूस कोठे मिळते? नळी बदलून ती उपयोगात आणता येईल काय? आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही, पण ज्यांच्या मुलामुलींना नेमबाजीची गोडी लागली आहे, ते विचारतात, की जुनी एकबारी रायफल विकत घ्यावी काय, आणि घ्यायची तर पारख कशी करावी? या प्रश्नांचा एकत्र विचार करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. ज्या बंदुकीत एका वेळी एकच काडतूस हाताने घालावे लागते आणि प्रत्येक बारानंतर पुन्हा भरावे लागते, ती एकबारी. नळीच्या आतील अंगास पीळ दिलेल्या खाचा असतील तर ती रायफल; आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि फिरणाऱ्या भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहते. रायफलच्या अचूकपणाचे सारे रहस्य एवढेच. नळीच्या तोंडाचे माप म्हणजे बोअर. रायफलच्या बाबतीत ते इंचाच्या अंशांत सांगतात, म्हणून पॉइंट २२, पॉइंट ३०३. छऱ्याच्या बंदुकीत हिशेब निराळा आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. त्यामुळे छऱ्याच्या बंदुकीत आकडा वाढला की नळी लहान होते, आणि रायफलमध्ये आकडा वाढला की मोठी. नवख्या माणसाची गल्लत नेमकी येथेच होते.

जोडनावातील इतिहास

पवारांच्या घराण्याने अठराव्या शतकात माळव्यात पाय रोवले तेव्हा त्यांच्या स्वारांपाशी तोड्याच्या बंदुका होत्या. जळती वात रंजकाला लावावयाची आणि बार उडवावयाचा, अशी ती रीत. धारला एक गादी स्थापन झाली; देवासला तुकोजी आणि जिवाजी या बंधूंच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या झाल्या. एका गावात दोन गाद्या नांदल्याचे नवल पुढे ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकानेही पाहिले; तो १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. एका दस्त्याला दोन नळ्या ही कल्पना म्हणूनच देवासकरांना परकी वाटू नये.

ऑक्टोबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या काळी ठासणीच्या बंदुकीचे दिवस संपत आले होते. १८६६ साली ब्रिटिश सैन्याने जुन्या एन्फिल्डच्या ठासणीच्या नळीला मागून उघडणारा ठोकळा जोडून स्नायडर रायफल तयार केली. म्हणजे मागून भरावयाच्या रायफलीचा ब्रिटिश सैन्यातील संसारच मुळी जुन्या नळीला नवे यंत्र जोडून सुरू झाला. १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली. हिचा मागचा ठोकळा खालच्या तरफेने खाली झुकतो, काडतूस आत सरकवायचे, तरफ वर ओढली की ठोकळा बंद होतो; कळही तरफेच्याच हालचालीने चढते. सुमारे ३१ ग्रॅम शिशाची गोळी आणि साडेपाच ग्रॅम काळी दारू, असा तिचा खुराक होता.

या रायफलीच्या जोडनावात आपल्या विषयाचे मर्म दडले आहे. पहिले नाव यंत्राचे, दुसरे नळीचे. मार्टिनी याने ठोकळ्याची योजना केली. एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्री याने सात खाचांचा पीळ दिला. पुढे पॉइंट ३०३ चे लहान काडतूस आले तेव्हा त्याच मार्टिनीच्या पेटीला मेटफर्डच्या पिळाची नळी बसवून मार्टिनी-मेटफर्ड आणि एन्फिल्डच्या पिळाची नळी बसवून मार्टिनी-एन्फिल्ड सिद्ध झाली. यंत्र तेच, नळी निराळी. कुळ तेच, आडनाव निराळे. इतकेच नव्हे, तर १८८० च्या दशकात मार्टिनीच्या मोठ्या नळीत सरकवून बसवावयाची एक बारीक नळी निघाली, तिला मॉरिस ट्यूब म्हणत. तिच्यातून लहान काडतुसाने घरातल्या घरात नेमाचा सराव करता येई आणि सराव संपला की ती काढून ठेवता येई. नळी बदलण्याची हौस आजची नाही, हे यावरून ध्यानी येईल.

संस्थानिकांच्या शिकारखान्यांसाठी विलायतेतील नामांकित कारागीर एकाच दस्त्याला बसणाऱ्या दोन जोड नळ्या एका पेटीत घालून देत. एक छऱ्यासाठी, दुसरी गोळीसाठी. हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १८८५ च्या सुमारास ‘पॅराडॉक्स’ नावाची बंदूक काढली. तिच्या नळीच्या केवळ शेवटच्या दोन-तीन इंचांत पीळ असे, त्यामुळे तीच नळी छर्रेही फेकी आणि गोळीही. आपल्या काळात १९६७ साली अमेरिकेत निघालेल्या थॉम्पसन-सेंटर कंटेंडर या एकबारी पिस्तुलात एक मोठी खीळ काढली की नळी सुटते आणि दुसऱ्या बोअरची नळी बसवता येते. दुमडणाऱ्या बंदुकीत हे सोपे का आणि मार्टिनीत अवघड का, ते पुढे येईल.

पारख कशी करावी

जुनी रायफल पाहावयास गेल्यावर पहिला नियम असा, की ती भरलेली आहे असे समजूनच हाती घ्यावी. नळीचे तोंड निर्जीव भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवून तरफ उघडावी, काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. “अहो, ती वीस वर्षांत भरलेलीच नाही,” या आश्वासनावर विसंबून अनेक अपघात झालेले आहेत.

मग नळीकडे वळावे. मागून उजेड दाखवून आत पाहिले असता पिळाच्या कडा धारदार दिसाव्यात. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषून घेते. जुन्या टोप्यांतील क्षार लोखंडाला खातात. माळव्याच्या पावसाळ्यात न पुसता ठेवलेली नळी आतून देवीच्या व्रणांसारखी खडबडीत झालेली आढळते. मधल्या भागातील थोडे व्रण रायफल सहन करते. परंतु काडतुसाच्या घराच्या पुढे आणि नळीच्या तोंडाशी व्रण असतील तर नेम टिकत नाही. उजेडात नळी हळूहळू फिरवताना एखादे काळे कडे दिसले, तर ती नळी त्या जागी फुगलेली आहे. कधी काळी आत चिंधी किंवा माती अडकली असता बार उडवल्याची ती खूण होय. अशी नळी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

बाहेरून नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर हुरळून जाऊ नये. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली ती दमास्कस पद्धतीची नळी असते. ती दिसावयास देखणी, पण काळ्या दारूसाठी घडविलेली. आजच्या धूरविरहित दारूचा दाब तिला सोसेलच असे सांगता येत नाही, आणि ती फुटली तर बार उडवणाऱ्याच्या डाव्या हाताशी फुटते.

लंडन आणि बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांचे ठसे नळीवर आणि पेटीवर शोधावेत. नळी जास्त दाबाने तपासून मगच हा ठसा मारला जाई. नुसता काळ्या दारूचा ठसा असेल तर ती रायफल तेवढ्यापुरतीच उत्तीर्ण आहे. ‘नायट्रो’ दारूचा ठसा निराळा असतो आणि तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. नळीवरील आणि पेटीवरील क्रमांक एकच आहेत काय, हेही ताडून पाहावे. वायव्य सरहद्दीवरील दऱ्याच्या कारागिरांनी विलायती रायफलींच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांतील कित्येकींवर व्हिक्टोरिया राणीची अक्षरे आणि त्याखाली राणीच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ नंतरचे साल, असा विनोद आढळतो. हा विनोद हातात फुटणारा असतो.

यंत्राची पारख त्याहून सूक्ष्म आहे. मार्टिनीचा ठोकळा ज्या खिळीवर झुलतो ती झिजली, की ठोकळा आणि काडतुसाचे बूड यांत फट पडते. बार उडताच काडतुसाचे पितळ त्या फटीत ताणले जाते आणि फाटले तर जळता वायू मागे, डोळ्यांकडे येतो. ही फट नजरेने मापता येत नाही. त्यासाठी पोलादी गेज असतात. एक आत घातल्यावर ठोकळा बंद झालाच पाहिजे, दुसरे घातल्यावर बंद होता कामा नये. फायरिंग पिनचे छिद्र गोल आहे काय, काडतूस ओढणारा आकडा शाबूत आहे काय, चाप ओढल्याशिवाय कळ सुटत नाही ना, हे पाहावे. शेवटी दस्ता. पेटीच्या मागे दस्त्याचा गळा जेथे निमुळता होतो तेथे तडा गेलेला असतो आणि तो लाख, राळ किंवा तेलकट मळाखाली लपलेला असतो. मार्टिनीचा दस्ता आरपार लांब बोल्टाने आवळलेला असल्याने तो बदलता येतो. लाकडाचा दोष हा सौद्यात किंमत उतरवण्यास उपयोगी, पण सौदा मोडण्याजोगा नव्हे. नळी आणि ठोकळा यांचा दोष मात्र मोडण्याजोगाच आहे.

सर्वांत शेवटी विचारावयाचा, परंतु खरे तर सर्वांत प्रथम विचारावा असा प्रश्न म्हणजे काडतूस. देशातील शासकीय कारखान्यांत पॉइंट २२, पॉइंट ३१५ आणि बारा बोअर यांची काडतुसे तयार होतात. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. काडतुसाच्या बुडावरील ‘के. एफ.’ ही अक्षरे त्याचीच. मार्टिनी-हेन्रीचे मोठे काडतूस मात्र आपल्याकडील दुकानात मागून मिळावयाचे नाही. रायफल उत्तम आणि काडतूस नाही, म्हणजे वाद्य आहे आणि तार नाही.

नळी बदलावी काय?

येथे मोह उत्पन्न होतो. यंत्र मजबूत आहे, काडतूस मिळत नाही; मग मिळणाऱ्या काडतुसाची नळी का बसवू नये? या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट जोडाची. दुमडणाऱ्या एकबारी बंदुकीत नळी एका आडव्या खिळीभोवती झुलते आणि खालच्या खाचेत कुलूप बसते. नळीसोबतच तिचा आकडा, तिची माशी आणि काडतुसाचे घर येते. कारखान्याने त्याच पेटीशी जुळवून दिलेली दुसरी नळी असेल तर अदलाबदल काही मिनिटांचे काम आहे. मार्टिनीत नळी आट्यांनी पेटीत घट्ट आवळलेली असते. ती काढावयास शिकंजा आणि मोठा पाना लागतो. नवी नळी लेथवर धरून नेमके तेच आटे पाडावे लागतात, ती पूर्ण आवळली असता माशी बरोबर माथ्यावर यावी लागते, आकड्यासाठी खाच कापावी लागते, आणि मग रीमरने काडतुसाचे घर केसाच्या जाडीइतके तोलून खोदावे लागते. त्याआधी वा नंतर थोडे अधिक खोदले गेले, तर मघाची ती जीवघेणी फट नव्या रायफलीतच निर्माण होते. हे काम गल्लीतील लोहाराचे नाही. कुशल लोहाराचेही नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. ठोकळ्यावर येणारा धक्का हा वायूचा दाब आणि काडतुसाच्या बुडाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराएवढा असतो. काळी दारू सावकाश ढकलते, आधुनिक दारू कितीतरी अधिक दाब उत्पन्न करते. जुन्या पेटीचे पोलाद ज्या हिशेबाने घडले तो हिशेब नवी नळी बदलू शकत नाही. नळी नवी आली म्हणून पेटी तरुण होत नाही.

तिसरी गोष्ट ठोक्याची. मोठ्या काडतुसात टोपी बुडाच्या मध्यभागी असते. पॉइंट २२ मध्ये स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत पसरलेले असते. मधोमध ठोकणारी पिन कडेवर ठोकू शकत नाही. म्हणून मार्टिनीच्या धर्तीवर बी.एस.ए. वगैरे कारखान्यांनी पॉइंट २२ च्या ज्या सराव-रायफली काढल्या, त्यांची पेटी लहान आणि पिनची जागा वेगळी, अशी मुळातच निराळी रचना केली. एकबारी रायफल विकत घेऊन नेम शिकावयाचा असेल, तर अशा मूळच्याच पॉइंट २२ च्या रायफलीचा शोध घेणे हा आमच्या मते शहाणपणाचा मार्ग आहे.

एका घरातील निर्णय

देवासच्या एका कुटुंबात हा प्रश्न कसा सुटला, हे आम्ही जवळून पाहिले. नावागावाचा तपशील वगळून ते येथे सांगणे उपयोगी होईल. त्या घरातील बाहात्तर वर्षांच्या गृहस्थांच्या परवान्यावर तीन शस्त्रे होती : बारा बोअरची दुनळी, वडिलांकडून आलेली मोठी मार्टिनी आणि पॉइंट २२ ची लहान रायफल. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली. जास्तीचे शस्त्र एका वर्षाच्या आत जमा करणे भाग होते. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे.

थोरल्या मुलाने सुचविले, की मोठ्या मार्टिनीलाच पॉइंट २२ ची नळी बसवावी. म्हणजे आजोबांची रायफल राहील, बहिणीचा सरावही चालेल आणि तीनाची दोन होतील. कल्पना वरवर पाहता गोड होती. मुलगी इंदूरला शिकत असताना नेमबाजीत रमली होती आणि लहान रायफल तिच्याच हाती असे. “दादा, नळी बदलली की ती आजोबांची कशी राहील?” एवढाच तिचा प्रश्न होता. दादाचे म्हणणे, की कपाटात कुजण्यापेक्षा चालती झालेली बरी. वडील दोघांचेही ऐकून घेत आणि काहीच बोलत नसत.

परवानाधारक कारागिराने निर्णय सोपा केला. पिन मधोमध ठोकते, तेव्हा ठोकळाच नवा करावा लागेल. नळी नवी, ठोकळा नवा, मग जुने उरले काय? दस्ता आणि तरफ. शिवाय काढलेली मूळ नळी घरात ठेवली तर तिचाही हिशेब सरकारला द्यावा लागेल. मुलाने हट्ट सोडला. मार्टिनी धारच्या चुलतभावाकडे गेली. त्याच्या परवान्यावर एकच शस्त्र होते. जिल्हा दंडाधिकारी आणि ठाणे यांना कायद्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांची आगाऊ सूचना देऊन हे हस्तांतर झाले. लहान रायफल वारसाच्या परवान्याने मुलीच्या नावे झाली. दुनळी वडिलांकडे राहिली. त्या वर्षी घरातील आजींनी पूजेच्या पाटावर मार्टिनीची जागा मोकळी ठेवली आणि तेथे तेवढ्या लांबीची एक रांगोळीची रेघ ओढली. त्यावर कोणी काही बोलले नाही.

आम्हाला या निर्णयात एक मोठी गोष्ट दिसते. वारसा जपणे म्हणजे प्रत्येक वस्तू आपल्याच कपाटात ठेवणे, असे त्या घराने मानले नाही. जी वस्तू बदलल्यावाचून उपयोगी पडणार नव्हती, ती त्यांनी न बदलता दुसऱ्या हाती सोपवली. आणि जी उपयोगात होती ती उपयोग करणारीच्या स्वाधीन केली.

कागदपत्रांचा भाग

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि आजचे नियम २०१६ चे. त्यांतील मोजक्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात. परवानाधारक वारल्यास त्याचे शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःचा परवाना मागावा लागतो. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. आमचा आग्रह असा, की हा मार्ग वेळीच धरावा. कारण मृत्यूनंतर भावाभावांच्या संमतिपत्रांसाठी जी धावपळ होते ती टाळता येते.

‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. तेव्हा जादा नळी म्हणजे नुसता लोखंडाचा दांडा नव्हे. शस्त्रात रूपांतर करणे, त्याची दुरुस्ती करणे, हा ज्यास तसा परवाना आहे त्याचाच व्यवसाय आहे. नळी आखूड करणे हा स्वतंत्र अपराध आहे. नळी बदलली की बोअर बदलतो आणि परवान्यावरील नोंद खोटी ठरते. म्हणून अर्ज आधी आणि काम नंतर, हाच क्रम असावा. पॉइंट ३०३ सारखे सैनिकी बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. मार्टिनी-एन्फिल्ड कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या वाटेस जाऊ नये, याचे कारण हेच.

अगदीच जुन्या, तोड्याच्या किंवा ठासणीच्या बंदुकीविषयी लोकांचा समज असतो, की तिला परवाना लागतच नाही. अधिनियमातील सूट कालबाह्य किंवा पुराणवस्तूचे मोल असलेल्या, अथवा निकामी अशा शस्त्रास आहे खरी. परंतु ते दुरुस्त करूनही बार उडवण्यास असमर्थ असावे अशी अट तिला जोडलेली आहे. २०२० साली ‘क्युरिओ’ वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यास परवान्याची अट शिथिल झाली. पण ती वापरण्यास, घेऊन जाण्यास आणि तिच्यासाठी काडतुसे घेण्यास परवाना लागतोच. आपली वस्तू या वर्गात बसते किंवा नाही हे घरच्या बैठकीत ठरवू नये. कलेक्टर कचेरीत लेखी विचारावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे.

शिकारीचा विचार तर मनातूनही काढून टाकावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि १९९१ मधील दुरुस्तीने तो अध्याय संपला आहे. वरातीत किंवा बारशाला हवेत बार काढण्याची माळव्यातील जुनी हौसही आता गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तिला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वर गेलेली गोळी वर राहत नाही.

एकबारीचे नवे दिवस

मग एकबारी रायफलीला आज काय काम उरले, असे कोणी विचारील. तिचे काम आज पूर्वीपेक्षा मोठे आहे. ऑलिंपिकमधील पन्नास मीटरची रायफल पॉइंट २२ ची आणि एकबारीच असते. प्रत्येक काडतूस हाताने भरावे लागते. पन्नास मीटर अंतरावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. अशा काही रायफलींत नळी स्क्रूंनी आवळलेली असते. एकाच कारखान्याची, पण वेगवेगळ्या वेळी घडलेली काडतुसे नळीगणिक निराळी वागतात, म्हणून नेमबाज त्यांची चाचणी घेऊन आपल्या नळीला मानवणारी काडतुसे निवडतात. जोडनावाची ती जुनी कथा येथे नव्या रूपाने चालू आहे.

१९४७ साली देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. त्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेती ठरली. त्याच जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय होय. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हाही याच प्रकारातील ऑलिंपिक नेमबाज. महू येथे सैन्याचे नेमबाजी केंद्र आहे आणि भोपाळला राज्याची अकादमी. माळव्यातील मराठी मुलामुलींना यासाठी दूर जावयास नको.

ज्यांना खरेदी करावयाची आहे त्यांना आमचा सल्ला थोडक्यात असा. आधी मान्यताप्राप्त केंद्रावर तेथील रायफलीने वर्षभर शिकावे. मग परवान्यासाठी अर्ज करावा. त्यानंतर मिळणाऱ्या काडतुसाची, मूळ नळीची, जुळत्या क्रमांकांची रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे शोधावी आणि पैसे देण्यापूर्वी ती जाणकाराकडून गेज लावून तपासून घ्यावी. घरी आणल्यावर चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. नळी पुसून, तेलाचा पातळ हात देऊन कुलपात ठेवावी, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.

आणि ज्यांच्या घरी ती आधीपासूनच आहे, त्यांनी या दिवाळीपूर्वी एक काम करावे. परवाना बाहेर काढावा, त्यावरील क्रमांक आणि बोअर बंदुकीवरील ठशांशी ताडून पाहावेत, मुदत केव्हा संपते ते पाहावे, आणि पुढे ती कोणाकडे जावी हे घरातील थोरांनी आपल्या तोंडाने, सर्वांसमक्ष सांगून ठेवावे.